इंजिनातील दाब-संवेदकाचा बिघाड : घरच्या घरी निदान कसे करावे

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथे मे महिन्यात कमाल तापमान ४४ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचते. अशा उन्हात शहरातील वाहतुकीच्या कोंडीत मोटार थांबते आणि डॅशबोर्डवर इंजिनासंबंधीचा दिवा लागतो. ‘सेन्सर गेला असेल’ हा त्यावरील नेहमीचा तर्क असतो. तो काही वेळा बरोबर ठरतो. मात्र तो चुकल्यास दोन प्रकारचे नुकसान संभवते. एक तर सुस्थितीतील संवेदक बदलण्याचा खर्च वाया जातो. दुसरे नुकसान अधिक गंभीर आहे. तेलाचा दाब खरोखरच गेलेला असताना गाडी पुढे चालवल्यास संपूर्ण इंजिन निकामी होऊ शकते.

बिघाड संवेदकात आहे, वायरिंगमध्ये आहे की खुद्द इंजिनात, हे साध्या साधनांच्या मदतीने घराच्या अंगणातही बऱ्याच अंशी ओळखता येते. त्यासाठी एकच नियम पाळावा लागतो. संवेदकाने दिलेला आकडा दुसऱ्या स्वतंत्र मोजमापाशी ताडून पाहिल्याशिवाय कोणताही सुटा भाग बदलू नये.

दाब मोजणारे संवेदक कोणते

आजच्या मोटारीच्या इंजिनात दाबाशी संबंधित संवेदक प्रामुख्याने तीन ठिकाणी असतात.

पहिला संवेदक इंजिन ऑइलच्या मार्गावर असतो. अनेक गाड्यांत तो केवळ एक स्विच असतो आणि ‘दाब आहे’ किंवा ‘दाब नाही’ एवढेच सांगतो. काही नव्या गाड्यांत दाबाचा प्रत्यक्ष आकडा देणारा संवेदक बसवलेला असतो.

दुसरा संवेदक इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डवर असतो. तो तेथील हवेचा निरपेक्ष दाब मोजतो. मेकॅनिक मंडळी त्याला ‘मॅप सेन्सर’ म्हणतात. इंजिनात किती हवा जात आहे याचा हिशेब करून इंधन किती सोडायचे, हे इंजिनाचा संगणक अनेक पेट्रोल गाड्यांत याच आकड्यावरून ठरवतो. टर्बो असलेल्या गाड्यांत टर्बोने वाढवलेला दाबही अशाच संवेदकाने मोजला जातो.

तिसरा संवेदक इंधनाच्या नळीवर, म्हणजे फ्युएल रेलवर असतो. कॉमन रेल डिझेल इंजिनात तेथील दाब एक हजार बारहून अधिक असू शकतो. टायरमधील हवेचा दाब दोन बारच्या आसपास असतो, हे लक्षात घेतल्यास या दाबाची कल्पना येते. या मार्गाची जोडणी घरी कधीही सैल करू नये. सूक्ष्म छिद्रातून सुटलेली डिझेलची धार त्वचा भेदून शरीरात शिरू शकते. या संवेदकाची तपासणी अधिकृत कार्यशाळेतच करून घ्यावी. प्रस्तुत लेखात उर्वरित दोन संवेदकांचा विचार केला आहे.

प्रथम दिव्याचा रंग पाहावा

तेलाच्या बुधलीच्या आकाराचा लाल दिवा हा इंजिन ऑइलच्या दाबाचा इशारा असतो. गाडी चालू असताना तो लागल्यास सुरक्षित जागी वाहन थांबवून इंजिन तत्काळ बंद करावे. ‘गॅरेजपर्यंत जाऊ’ असा विचार करू नये. क्रँकशाफ्ट आणि तिचे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर असतो आणि तो दाबामुळेच टिकतो. दाब गेला की धातूवर धातू घासू लागतो आणि अल्पावधीतच बेअरिंग खराब होते.

इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा, म्हणजे ‘चेक इंजिन’चा दिवा, हा संगणकाने एखाद्या त्रुटीची नोंद केल्याचे दर्शवतो. तो स्थिर असेल आणि इंजिन सुरळीत चालत असेल, तर गाडी सावकाश घरी आणता येते. तो उघडझाप करत असेल, तर इंजिनात इंधन नीट जळत नसण्याची शक्यता असते. अशा वेळी वाहन चालवणे टाळावे.

तेलाच्या दाबाची पडताळणी

गाडी सपाट जागेवर उभी करून इंजिन बंद केल्यानंतर पाच ते दहा मिनिटे थांबावे. डिपस्टिक बाहेर काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग तेलाची पातळी पाहावी. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर संवेदकाचा विचार करण्याचे कारण उरत नाही. तेल कोठे गेले, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. तेलाला पेट्रोल किंवा डिझेलचा वास येत असल्यास त्यात इंधन मिसळले असण्याची शक्यता असते. असे तेल पातळ होते आणि त्याचा दाब घटतो.

पातळी योग्य असल्यास चावी फिरवावी, मात्र इंजिन सुरू करू नये. या स्थितीत लाल दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल, तर बल्ब, फ्यूज किंवा वायर यांपैकी काहीतरी खराब आहे. अशी गाडी धोक्याच्या वेळीही इशारा देणार नाही. इंजिन सुरू केल्यावर काही सेकंदांत हा दिवा विझला पाहिजे.

जुन्या धाटणीच्या एका वायरच्या स्विचची तपासणी सोपी आहे. या स्विचच्या आतील जोड दाब नसताना बंद असतो आणि वायर इंजिनाच्या धातूशी जोडलेली राहते, म्हणून दिवा लागतो. साधारण ०.३ ते ०.५ बार दाब मिळताच जोड उघडतो आणि दिवा विझतो. इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी आणि स्विचवरील वायर काढावी. दिवा विझला, तर दिव्यापासून स्विचपर्यंतची वायर ठीक आहे. वायर काढूनही दिवा जळत राहिला, तर ती वायर वाटेत कोठेतरी बॉडीला टेकलेली आहे. अशा प्रसंगी स्विच बदलून काहीही उपयोग होत नाही. तीन वायरींचा संवेदक असलेल्या गाड्यांना मात्र ही रीत लागू पडत नाही.

वायर ठीक असूनही इंजिन सुरू असताना दिवा लागत असेल, तर दोनच शक्यता राहतात. स्विच खराब आहे किंवा दाब खरोखरच कमी आहे. यांपैकी कोणती खरी, हे केवळ बाहेरून पाहून सांगता येत नाही. स्विच काढून त्या जागी दाबाचे यांत्रिक मीटर लावणे हाच त्यावरील खात्रीचा उपाय आहे. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगमध्ये साधारण एक बार आणि मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर दोन ते चार बार असा दाब अनेक इंजिनांत मिळतो. नेमका आकडा मात्र त्या गाडीच्या सेवा-पुस्तिकेतूनच घ्यावा. हे मीटर जवळ नसल्यास गाडी ओढून गॅरेजमध्ये न्यावी. केवळ दिवा त्रास देतो म्हणून त्याची वायर काढून ठेवणे, हा इंजिन गमावण्याचा मार्ग आहे.

उन्हाळ्यात कोंडीमध्ये दिवा क्षणभर लुकलुकतो आणि एक्सलेटर दिल्यावर विझतो, अशी तक्रार असल्यास तेलाची ग्रेड तपासावी. तापलेले तेल पातळ होते आणि आयडलिंगमध्ये ऑइल पंपही मंद फिरतो. त्यामुळे दाब त्या वेळी सर्वांत कमी असतो. कंपनीने सांगितलेल्यापेक्षा पातळ किंवा मुदत उलटलेले तेल असल्यास हा दोष आधी दिसतो. योग्य तेल घालूनही तो कायम राहिल्यास पंप किंवा बेअरिंग झिजल्याची शक्यता गृहीत धरावी.

मॅनिफोल्डवरील संवेदक कसा काम करतो

या संवेदकात सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असतो. दाबामुळे तो किंचित वाकतो आणि त्यावरील विद्युत-रोध बदलतो. सिलिकॉन आणि जर्मेनियम यांचा हा गुणधर्म अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केला होता. संवेदकाला साधारणपणे तीन वायरी असतात. एकीतून संगणक पाच व्होल्टचा पुरवठा करतो, दुसरी अर्थिंगची असते आणि तिसरीतून दाबाचा संकेत परत जातो. चौथी वायर असल्यास ती बहुधा हवेच्या तापमानाची असते.

हा संवेदक चुकीचा आकडा देऊ लागला, तर इंधनाचा हिशेब बिघडतो. आयडलिंग अस्थिर होते, गाडी सिग्नलवर बंद पडते, एक्सलेटर दिल्यावर अडखळते, काळा धूर येतो आणि मायलेज घटते. मात्र हीच लक्षणे हवेची नळी फाटल्याने, स्पार्क प्लग खराब झाल्याने किंवा इंजेक्टर घाण झाल्यानेही दिसतात. म्हणून लक्षणांवरून निष्कर्ष काढू नये.

रायपूरची हवा हेच मोजमाप

इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते. त्यामुळे चावी फिरवून, पण इंजिन सुरू न करता, संवेदकाने त्या गावाचा वायुदाब दाखवला पाहिजे. या एका तथ्यामुळे घरी करता येण्याजोगी सर्वांत विश्वसनीय चाचणी मिळते.

देशभरात १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज-४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ उत्सर्जन मानके लागू झाली. या मानकांच्या मोटारींत स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला सोळा पिनांचा निदान-सॉकेट असतो. त्यात छोटा स्कॅनर बसवून मोबाइलवर संवेदकांचे आकडे पाहता येतात. मॅनिफोल्डचा दाब तेथे किलोपास्कलमध्ये आणि पूर्णांकात दिसतो. त्यामुळे एका किलोपास्कलच्या फरकाला महत्त्व देण्याचे कारण नाही.

रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. तेथे हा आकडा ऋतुमानानुसार साधारण ९६ ते ९८ किलोपास्कल असावा. हिवाळ्यात तो वरच्या टोकाला, तर मे-जूनमध्ये खालच्या टोकाला असतो. नागपूरची उंची जवळपास तेवढीच असल्याने तेथेही हेच आकडे लागू पडतात. प्रमाणित वातावरणाच्या हिशेबाने मुंबईत सुमारे १०१, पुण्यात सुमारे ९५ आणि महाबळेश्वरला सुमारे ८६ किलोपास्कल दाब असतो. रायपुरात उभ्या असलेल्या गाडीचा संवेदक इंजिन बंद असताना ८० किंवा ११० दाखवत असेल, तर संवेदक किंवा त्याची वायरिंग सदोष आहे, असे म्हणता येते.

येथे एक दक्षता घ्यावी. हवामानाच्या बातमीपत्रात किंवा मोबाइलवरील हवामानाच्या पानावर दिलेला दाब सहसा समुद्रसपाटीच्या पातळीला रूपांतरित केलेला असतो. त्याच्याशी थेट तुलना केल्यास रायपुरातील चांगला संवेदकही साडेतीन किलोपास्कलने चुकीचा वाटेल. कमी उंचीवर दर साडेआठ मीटरला सुमारे एक हेक्टोपास्कल दाब घटतो आणि दहा हेक्टोपास्कल म्हणजे एक किलोपास्कल. हा हिशेब करूनच तुलना करावी. काही मोबाइल संचांत वायुदाबमापक बसवलेला असतो. तो त्या जागेचा प्रत्यक्ष दाब दाखवतो. तसेच ज्या मोटारींत वायुदाबाचा वेगळा संवेदक आहे, तेथे स्कॅनरवरच दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहता येतात.

उंचीबरोबर दाब घटतो, हे फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कल यांच्या सूचनेवरून त्यांचे मेहुणे फ्लोरँ पेरिए यांनी १९ सप्टेंबर १६४८ रोजी पुय दे दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी नेऊन दाखवून दिले होते. दाबाच्या एककाला पास्कल यांचेच नाव आहे. रायपूरहून राष्ट्रीय महामार्ग ३० ने जगदलपूरकडे जाणाऱ्या प्रवाशाला हाच प्रयोग करता येतो. कांकेरनंतर केशकाल घाट चढून बस्तरच्या पठारावर पोहोचल्यावर गाडी थांबवावी आणि इंजिन बंद ठेवून आकडा पाहावा. रायपूरच्या तुलनेत तो सुमारे तीन किलोपास्कलने उतरलेला दिसला पाहिजे. तो जराही हलला नसेल, तर संवेदक अडकलेला असण्याची शक्यता आहे.

इंजिन सुरू असताना

पेट्रोल इंजिन गरम झाल्यावर एअर कंडिशनर बंद ठेवून आयडलिंगमध्ये आकडा पाहावा. थ्रॉटल जवळजवळ बंद असल्याने मॅनिफोल्डमध्ये अंशतः निर्वात तयार होतो आणि दाब साधारण ३० ते ४० किलोपास्कलपर्यंत उतरतो. एक्सलेटर झटक्यात दाबल्यास आकडा लगेच वाढला पाहिजे आणि सोडल्यास क्षणभर आयडलिंगच्याही खाली गेला पाहिजे. प्रतिसाद संथ असेल, तर संवेदकाचे छिद्र काजळी व तेलाने भरले असण्याची शक्यता असते. संवेदक काढून इलेक्ट्रिकल काँटॅक्ट क्लीनरने तो स्वच्छ करावा आणि पूर्ण वाळू द्यावा. छिद्रात पिन किंवा तार घालू नये, कारण आतील पडदा फाटू शकतो.

इंजिन बंद असताना आकडा योग्य, मात्र आयडलिंगमध्ये तो ५० ते ६० असेल, तर संवेदक बहुधा खरे सांगत असतो. अशा वेळी इंजिनाजवळ फुसफुस असा आवाज येतो का, हे ऐकावे. उष्णतेने तडकलेली रबरी नळी, सैल क्लॅम्प किंवा ब्रेक बूस्टरकडे जाणारी फाटलेली नळी यांतून हवा आत शिरत असते. नळ्या ठीक असल्यास टायमिंग किंवा सायलेन्सरमधील अडथळा तपासण्याचे काम मेकॅनिककडे सोपवावे.

डिझेल इंजिनाला हे आकडे लागू करू नयेत. त्यात पेट्रोलप्रमाणे थ्रॉटलने हवा अडवली जात नसल्याने आयडलिंगमध्येही दाब वातावरणाच्या आसपास राहतो. इंजिन बंद असतानाची चाचणी मात्र दोन्ही प्रकारांना सारखीच उपयोगी पडते.

वायरिंगची तपासणी

रायपूरच्या परिसरात पावसाळ्यात ओल आणि एरवी धूळ यांमुळे कनेक्टर खराब होण्याचे प्रसंग येतात. उभ्या गाडीत शिरलेले उंदीर वायरी कुरतडतात, ही तक्रारही सर्वत्र ऐकू येते. म्हणून मल्टिमीटर हाती घेण्यापूर्वी डोळ्यांनी पाहणी करावी. कनेक्टर पूर्ण बसला आहे का, पिनांवर हिरवट गंज आहे का आणि वायरीचे आवरण सोललेले आहे का, हे तपासावे. बॅटरीचा व्होल्टेजही मोजावा. विश्रांतीच्या स्थितीत तो १२.४ व्होल्टपेक्षा कमी असेल, तर आधी बॅटरी चार्ज करावी. कमकुवत बॅटरीमुळे संगणक कित्येकदा चुकीच्या त्रुटी नोंदवतो.

यानंतर चावी फिरवून, इंजिन बंद ठेवून, पुरवठ्याची वायर आणि अर्थिंग यांच्यामध्ये व्होल्टेज मोजावा. तो ४.९ ते ५.१ व्होल्टच्या दरम्यान असावा. पुरवठाच नसेल, तर नवा संवेदकही काम करणार नाही. संकेताच्या वायरवर, टर्बो नसलेल्या अनेक पेट्रोल गाड्यांत, इंजिन बंद असताना चार व्होल्टच्या वर आणि आयडलिंगमध्ये एक ते दीड व्होल्ट मिळतो. टर्बोच्या गाड्यांत संवेदकाची मर्यादा अधिक असल्याने इंजिन बंद असतानाचा व्होल्टेज यापेक्षा बराच कमी असतो. मल्टिमीटरची सुई कनेक्टरच्या मागील बाजूने घालावी. वायरीचे आवरण टोचल्यास पावसाळ्यात तेथून पाणी शिरते. बल्बची टेस्ट लॅम्प या मार्गावर लावू नये, कारण तिच्या जादा प्रवाहाने संगणकाला इजा होऊ शकते.

पाच व्होल्टचा हा पुरवठा अनेकदा दोन-तीन संवेदकांना मिळून असतो. त्यांपैकी एकात शॉर्ट झाल्यास सर्वांचीच त्रुटी नोंदवली जाते. एकाच वेळी अनेक संवेदक ‘खराब’ दिसू लागले, तर सर्व बदलण्याची घाई करू नये. एकेक कनेक्टर काढून पुरवठा पूर्ववत होतो का, हे पाहावे.

त्रुटी-संकेतांचा अर्थ

स्कॅनरवर दिसणारा पी ०१०७ हा संकेत मॅनिफोल्ड संवेदकाचा व्होल्टेज फार कमी असल्याचे, तर पी ०१०८ तो फार जास्त असल्याचे सांगतो. हे दोन्ही संकेत बहुधा वायरिंग किंवा संवेदकाकडे निर्देश करतात. पी ०१०६ म्हणजे आकडा इंजिनाच्या इतर स्थितीशी जुळत नाही. येथे हवेची गळती किंवा तुंबलेले छिद्र यांची शक्यता अधिक असते. पी ०१०९ हा अधूनमधून तुटणाऱ्या संकेताचा असल्याने सैल कनेक्टर आधी पाहावा. तेलाच्या दाबाबाबत पी ०५२२ आणि पी ०५२३ हे संवेदकाच्या कमी व जास्त व्होल्टेजचे संकेत आहेत. पी ०५२४ मात्र तेलाचा दाब फार कमी झाल्याचे सांगतो आणि तो दिसल्यास इंजिन सुरू करू नये.

यांपैकी एकही संकेत ‘संवेदक बदला’ असे सांगत नाही. तपास कोठून सुरू करावा, एवढेच त्यातून कळते. म्हणून संकेत पुसून टाकण्यापूर्वी त्यांची वहीत नोंद करावी.

घरी काम करताना दक्षता

इंजिन सुरू करायचे असल्यास गाडी मोकळ्या हवेत उभी करावी. बंद गॅरेजमध्ये साचणारा कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, त्यामुळे हात, ओढणी आणि सैल बाही त्यापासून दूर ठेवावी. हवेची गळती शोधण्यासाठी पेट्रोल किंवा अन्य ज्वालाग्राही द्रव फवारू नये. वॉरंटीतील गाडीची वायर कापू नये. घाटातील किंवा रस्त्यावरील चाचणीत स्कॅनरकडे चालकाने पाहू नये. ते काम सहप्रवाशाने करावे.

गॅरेजमध्ये जाताना

घरच्या तपासणीतून दोष सापडला नाही, तरी ती व्यर्थ जात नाही. इंजिन बंद असतानाचा दाब, आयडलिंगमधील दाब, पुरवठ्याचा व्होल्टेज, डिपस्टिकवरील पातळी आणि त्रुटी-संकेत या पाच नोंदी कागदावर लिहून मेकॅनिककडे द्याव्यात. त्यामुळे तपासाचा वेळ वाचतो आणि कोणता भाग कशासाठी बदलला जात आहे, हे वाहनधारकालाही समजते. संवेदक बदलावाच लागला, तर जुन्यावरील भाग-क्रमांक जुळवून घ्यावा. दिसायला सारख्या संवेदकांची दाबमर्यादा वेगळी असू शकते. नवा संवेदक बसवल्यावर इंजिन बंद ठेवून आकडा पुन्हा पाहावा. रायपुरात तो ९६ ते ९८ किलोपास्कलच्या आसपास दिसला, तरच ते काम पूर्ण झाले असे समजावे.